१९८७चा फिलिप्स सीडी प्लेअर : काय बदलावं, काय तसंच ठेवावं?

जवारी

नमस्कार मंडळी. माझ्या मामांनी १९८७ साली मस्कतहून फिलिप्सचा सीडी-४६० आणला होता. मागच्या पाटीवर 'मेड इन बेल्जियम' आहे. दहाएक वर्षं तो माळ्यावर पडून होता, गेल्या दिवाळीत मामांनी तो मला दिला. मी लहान असताना त्यांच्याकडे सुट्टीत जायचो तेव्हा दुपारी याच्यावर गाणं लागायचं, म्हणून जीव आहे त्याच्यात.

झाकण उघडून पाहिलं. आत टीडीए-१५४१ ही डॅक चिप (सीडीवरच्या आकड्यांचा आवाज करणारी), तिच्या आधी एसएए-७२२० हा डिजिटल फिल्टर आणि सीडीएम-२ ही लेझरची यंत्रणा आहे. जाणकारांना यातच कळेल की यंत्र चांगल्या कुळातलं आहे.

तक्रारी तीन आहेत. एक, जास्त मिनिटांची सीडी शेवटच्या दहा मिनिटांत अडखळते. दोन, उजवीकडचा डग्गा पोकळ वाजतो. तिसरी सांगायला अवघड आहे, पण माझ्यासाठी तीच सगळ्यात मोठी. मी मुख्यतः शास्त्रीय गायन ऐकतो. तानपुरे जुळले की गाणाऱ्याच्या मागे जो गुंजारव भरून राहतो, तो इथे येत नाही. तार छेडल्याचं कळतं, पण तिची जवारी ऐकू येत नाही. त्याच सीडी मित्राच्या साध्या प्लेअरवर लावल्या तर ऐकू येते.

वाचावं तितके सल्ले मिळतात. ऑप-ॲम्प (डॅकच्या पुढची छोटी ॲम्प्लिफायर चिप) बदला, घड्याळ (चिपांना ताल देणारा क्रिस्टल) बदला, डिजिटल फिल्टर काढूनच टाका, सगळे कपॅसिटर महागातले घाला. सोल्डरिंग मला बरं जमतं. मल्टिमीटर आहे, ऑसिलोस्कोप नाही. सुरुवात कुठून करू?

एकशेवीस_व्होल्ट

वाचतोय. माझ्याकडे याचा अमेरिकी भाऊ आहे, मॅग्नाव्हॉक्सचा सीडीबी-६५०. आत टीडीए-१५४१च आहे. न्यू जर्सीहून परत येताना बरोबर आणला, अजून खोक्यातच आहे. मलाही उत्तरं हवीत.

टाका_कोरडा

जवारी, आधी काही विकत घेऊ नका. पस्तीस वर्षं दुरुस्तीच्या बाकावर काढली आहेत, म्हणून हक्काने सांगतो. तुमचे तिन्ही आजार दुरुस्तीचे आहेत, सुधारणेचे नव्हेत. जुन्या यंत्रात नवा ऑप-ॲम्प घालून जो 'फरक पडला' असं लोक सांगतात, त्यातला बराचसा वाळलेले कपॅसिटर त्याच वेळी बदलल्यामुळे पडलेला असतो.

पहिलं काम, पॉवर सप्लाय मोजा. टीडीए-१५४१ला तीन व्होल्टेज लागतात. २८ नंबरच्या पिनवर +५, २६ वर −५ आणि १५ वर −१५. काळी प्रोब चिपच्याच ग्राउंडवर, म्हणजे ५ किंवा १४ वर ठेवा. आधी डीसी बघा, मग मीटर एसी मिलिव्होल्टवर घेऊन रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली लहर, बघा. यंत्र चालू असताना प्रोब घसरून दोन पिना जोडल्या गेल्या तर चिप जाईल, म्हणून प्रोबच्या टोकाला नळी चढवा आणि दुसरा हात खिशात ठेवा. मागचा स्विच बंद असला तरी प्लग भिंतीत असेपर्यंत स्विचपर्यंत २३० व्होल्ट आलेले असतात. झाकण उघडं असताना हे विसरायचं नाही.

दुसरं, घरचं व्होल्टेज लिहून ठेवा. ही यंत्रं २२० धरून केलेली आहेत. आपल्याकडे संध्याकाळी २४० च्या वर जातं. म्हणजे रेग्युलेटरच्या आधीचं व्होल्टेज दहा टक्के जास्त, आणि ते जास्तीचं सगळं उष्णता होऊन बाहेर पडतं. शेजारच्या कपॅसिटरांना ती झळ रोज लागते. ट्रान्सफॉर्मरवर २४० चा वेगळा टॅप असेल तर वायर तिकडे हलवून घ्या. यंत्राचं आयुष्य वाढवायला याहून स्वस्त उपाय नाही.

तिसरं, आज आहे तसा आवाज रेकॉर्ड करून ठेवा. उद्या कशाशी तुलना करणार? आपल्या कानाची आठवण फार लवकर पुसली जाते.

सीडीबी-६५० वाले दादा, तुमचा प्लेअर १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचा आहे. चांगला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. आपल्या ५० हर्ट्झवर आतला ट्रान्सफॉर्मर थोडा जास्त तापेल, म्हणून बाहेरून १२० ऐवजी ११० दिलेले बरे.

रत्नागिरीची_हवा

माझ्याकडेही सीडीएम-२ वालाच एक फिलिप्स आहे आणि तोही शेवटच्या गाण्यांवर अडखळतो. आमच्याकडे समुद्र जवळ, पावसाळ्यात चपलांना बुरशी येते, म्हणून मला वाटलं की लेन्सवरही आली असेल. इयरबडने पुसली, थोडा फरक पडला, पण पुन्हा तेच. लेझर संपला असेल का? इथल्या दुकानदाराने 'आतला छोटा स्क्रू फिरवून लेझर वाढवून देतो' असं सांगितलंय.

टाका_कोरडा

ताई, तो स्क्रू फिरवू देऊ नका. तो लेझरच्या करंटचा प्रीसेट आहे. फिरवला की चार दिवस छान वाजतं आणि मग डायोड कायमचा जातो. सीडीएम-२ नवा कुठे बनत नाही, त्यामुळे गेलेला लेझर म्हणजे गेलेलं यंत्र. लेझरचा नंबर सगळं तपासून झाल्यावर, सगळ्यात शेवटी.

आता अडखळण्याचं. सीडी आतून बाहेर वाचली जाते. आतल्या कडेला ती मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते, बाहेरच्या कडेला २०० वर येते. तबकडी किंचित वाकडी असेल तर बाहेरच्या कडेला हेलकावा जास्त, त्यामुळे फोकस आणि ट्रॅकिंगवर ताण तिथे जास्त येतो. म्हणून दुबळं झालेलं यंत्र आधी शेवटच्या गाण्यांवर उघडं पडतं.

क्रम असा ठेवा. लेन्सवर आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेला, पिळून घेतलेला इयरबड फक्त टेकवून गोल फिरवा, दाब देऊ नका. मग सीडीएमच्या खालच्या छोट्या बोर्डावर ३३ मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक आहे का बघा. माझ्या बाकावर अडखळणाऱ्या सीडीएममधले निम्मे तरी त्या एका कपॅसिटरने सरळ झालेत. लेझर, फोकसची कॉइल आणि मोटर यांच्या शेजारी तो वाळतो. मग लेन्स धरणारा झुलणारा आर्म बोटाच्या हलक्या स्पर्शाने दोन्हीकडे मोकळा जातो का ते पाहा. तिथे तेल घालायचं नाही.

आणि प्लेअर उघडा चालवताना लेन्समध्ये डोकावू नका. ७८० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, म्हणून तो नाहीच असं वाटतं.

जवारी

काकांच्या क्रमाने दोन रविवार बसलो. आधी तानपुऱ्याचा तुकडा आणि एक शांत ट्रॅक ऑडिओ इंटरफेसमधून २४ बिटमध्ये रेकॉर्ड करून ठेवला.

घरचं व्होल्टेज रात्री ९ वाजता २४३. −१५ बरोबर होतं. −५ ठीक. +५ वर मात्र ६० मिलिव्होल्टची लहर. मोठा फिल्टर कपॅसिटर काढून मोजला, लिहिलेले ४७०० मायक्रोफॅरड, उरलेले १९००. अडतीस वर्षं उन्हाळे झेलल्यावर कुठलाही कपॅसिटर याहून जास्त काय टिकणार?

उजवा डग्गा पोकळ का, तेही सापडलं. आउटपुटचा कपलिंग कपॅसिटर (ज्यातून आवाज बाहेर जातो तो) ३३ मायक्रोफॅरडचा, मोजला तर ०.३. माझ्या ॲम्प्लिफायरचा इनपुट १० किलोओहमचा, म्हणजे ५० हर्ट्झच्या जवळपासच आवाज ३ डेसिबलने खाली. डग्ग्याची घिस्सा त्यातच गेली.

पुण्याच्या तपकीर गल्लीतून १०५ डिग्रीवाले कपॅसिटर आणले. किमती बघून घाबरलो होतो, पण सप्लायचे सगळे मिळून सातशेच्या आत आले. दर वेळी एकच काढायचा, ध्रुव बघायचा, फोटो काढायचा, मग नवा घालायचा, असं केलं. सगळे एकदम उपटले असते तर कुठला कुठे हे मलाच कळलं नसतं.

सप्लाय आणि कपलिंग झाल्यावर पुन्हा तोच तुकडा रेकॉर्ड केला. आलेखावर विजेच्या गुणगुणीची १०० हर्ट्झची रेघ आधी −७१ डेसिबलवर होती, ती −९६ वर गेली. कानाला ती गुणगुण अशी कधी ऐकू आली नव्हती. पण आता दोन सुरांमधली जागा काळीभोर वाटते आणि तानपुरा तिथे दिसायला लागलाय. पूर्ण जवारी अजून नाही. आता पुढे?

मध्यसप्तक

+१. १०० हर्ट्झ म्हणजे खर्जाच्या खालची एक बेसूर तारच की, आणि ती सतत चालू. तानपुरा तिच्यात बुडाला तर नवल नाही.

निकोप_कान

जवारी, आता खरी मजा आहे. एसएए-७२२० काढून टाका. मी माझ्या मरांट्झ प्लेअरमध्ये केलंय. फिल्टर काढला आणि डेटा सरळ टीडीए-१५४१ला दिला की आवाज मोकळा होतो. गाणारा समोर येऊन बसतो. चार पट ओव्हरसॅम्पलिंगने (सीडीवरच्या दोन नमुन्यांमध्ये आणखी तीन भरण्याने) सुरांच्या कडा घासल्या जातात असं माझं स्पष्ट मत आहे. मी पाच वर्षं असंच ऐकतोय आणि परत जाणार नाही.

टाका_कोरडा

तुम्हाला आवडतं यात वाद नाही, पण जवारींना तोटे माहीत हवेत. या पिढीत क्रिस्टल एसएए-७२२० वर आहे, ११.२८९६ मेगाहर्ट्झचा, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झच्या २५६ पट. आधीचा डीकोडर (सीडीचा डेटा उलगडणारी चिप) त्याच घड्याळावर चालतो. चिप नुसती उपटली तर प्लेअर बंद. वेगळा ऑसिलेटर बसवावा लागतो.

दुसरं, फिल्टर काढला की २० किलोहर्ट्झला आवाज साधारण ३.२ डेसिबलने उतरतो. हे गणितच आहे, प्रत्येक नमुना पुढच्या नमुन्यापर्यंत सपाट धरून ठेवल्यामुळे होणारं. शिवाय ऐकू येण्याच्या पट्ट्याच्या वर, ४४.१ च्या दोन्ही बाजूंना, आवाजाच्या सावल्या उरतात. चार पट ओव्हरसॅम्पलिंगने त्या १५६ किलोहर्ट्झच्या पुढे ढकलल्या जातात, म्हणून पुढचा ॲनालॉग फिल्टर साधा ठेवता येतो. फिल्टर काढून सावल्या तशाच सोडल्या तर पुढच्या ॲम्प्लिफायरला त्या सोसाव्या लागतात.

हे ओव्हरसॅम्पलिंग आलं कुठून तेही सांगतो. १९८२ मध्ये पहिले प्लेअर निघाले तेव्हा फिलिप्सकडे १४ बिटचीच चिप होती, टीडीए-१५४०. चार पट ओव्हरसॅम्पलिंग आणि नॉइज शेपिंग (गोंगाट ऐकू न येणाऱ्या पट्ट्याकडे ढकलणं) करून त्यांनी तिच्यातून १६ बिटच्या तोडीचं काम काढलं. टीडीए-१५४१ खरी १६ बिटची आली तेव्हा ते तंत्र त्यांच्या हातात मुरलेलं होतं. एवढी विचाराने जमवलेली जोडी तोडण्याआधी ती निरोगी अवस्थेत कशी वाजते ते एकदा ऐका, एवढंच म्हणणं.

निकोप_कान

उतार आहे हे मान्य. माझ्या वयाला २० किलोहर्ट्झ ऐकू येत नाही हेही मान्य. पण १० किलोहर्ट्झला उतार पाऊण डेसिबलचाच आहे, आणि मला त्या मऊपणात स्वर जास्त माणसाचा वाटतो. जवारी, करायचंच झालं तर चिप कापू नका. नीट काढून सॉकेट बसवा, म्हणजे परत घालता येईल.

टाका_कोरडा

सॉकेटबद्दल शंभर टक्के सहमत.

जवारी, तुमचं पुढचं काम टीडीए-१५४१च्या भोवतीचे १४ छोटे कपॅसिटर. पिना ७ ते १३ आणि १८ ते २४. ते का आहेत हे समजून घ्या, म्हणजे हात लावताना काळजी आपोआप घेतली जाईल.

१६ बिटच्या चिपमध्ये मोठ्या बिटांचे करंट एकमेकांच्या नेमके दुप्पट-निमपट हवेत. सिलिकॉनवर इतके अचूक वाटे पाडणं त्या काळी महाग होतं. फिलिप्सने काय केलं, तर भावकीत जमिनीचे वाटे दरवर्षी पाळीने फिरवतात तसे हे वाटे चिपच्या आत सतत फिरवत ठेवले. एखाद्याच्या वाट्याला थोडी कमी जमीन आली तरी पाळी फिरत राहिल्यावर सरासरी सगळ्यांना सारखी. फिरवण्याचा वेग १६ आणि १७ मधला ४७० पिकोफॅरडचा कपॅसिटर ठरवतो. आणि पाळी बदलताना जी लहर उठते ती पुसायला हे १४ कपॅसिटर, प्रत्येकी ०.१ मायक्रोफॅरड. यातला एखादा खराब झाला तर त्या बिटाचा वाटा डळमळतो. मोठ्या आवाजात कळत नाही, पण सुराची शेपटी विरत जाताना, अगदी बारीक आवाजात, तिथे खरखर येते. तुमची जवारी बहुतेक तिथेच अडली आहे.

फिल्म प्रकारचे घाला, पाय शक्य तितके आखूड, चिपला चिकटून. मोठ्या आकाराचे महाग कपॅसिटर लांब तारांवर लटकवू नका. उपयोग तर होत नाहीच, उलट तारा बाहेरचा गोंगाट पकडतात.

मध्यसप्तक

काका, हे वाट्यांचं उदाहरण मी वहीत लिहून ठेवलं. ही रचना आजवर कुठेच इतकी कळली नव्हती.

एक भर घालतो. पुढे कुणी ऑप-ॲम्पचा भाग वगळून चिपमधून सरळ ट्यूबवर (काचेच्या व्हॉल्व्हवर) वगैरे जाणार असेल तर लक्षात ठेवा, सुरुवातीच्या काही सीडींवर प्री-एम्फसिस आहे, म्हणजे उंच स्वरांचा पट्टा मुद्दाम चढवून ठेवलेला. तो उतरवण्याचं काम या प्लेअरमध्ये ऑप-ॲम्पच्या भोवतीच होतं. तो भाग वगळला तर त्या सीडी टोचऱ्या वाजतात आणि लोक दोष सीडीला देतात.

जवारी

तिसरा रविवार. १४ कपॅसिटर बदलले, चार तास लागले. मग न राहवून एक चूक केली, ती लिहितो म्हणजे दुसऱ्या कुणाची वाचेल.

ऑनलाइन एका विक्रेत्याकडून नावाजलेले, वेगवान ऑप-ॲम्प मागवले होते. जुने काढले, सॉकेट बसवून नवे घातले. पहिली पाच मिनिटं आवाज झगझगीत, मी खूश. दहाव्या मिनिटाला बोट लावलं तर चिप चटका देत होती. बंद केलं आणि बोर्ड घेऊन काकांनी सुचवलेल्या त्यांच्या एका शिष्याकडे गेलो. स्कोपवर काही मेगाहर्ट्झचं आंदोलन दिसलं. सप्लायच्या पिनांजवळ डीकपलिंग (सप्लाय स्थिर ठेवणारे छोटे कपॅसिटर) पुरेसं नव्हतं, आणि वर दोनपैकी एक चिप वेगळीच निघाली, तिच्यावरची छपाई अल्कोहोलने पुसली गेली.

आता खात्रीच्या वितरकाकडचा ओपीए-२१३४ आहे आणि प्रत्येक सप्लाय पिनजवळ ०.१ मायक्रोफॅरड. स्कोपवर रेघ स्वच्छ.

मग घरी माझ्या ताईला बसवून चाचणी घेतली. जुन्या आणि नव्या ऑप-ॲम्पची रेकॉर्डिंगं, पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळवलेली, कुठलं लागलंय हे मला न सांगता. १२ वेळा. मी ७ वेळा बरोबर. म्हणजे मला ओळखता येत नाही. सप्लाय दुरुस्त होण्याआधीचं आणि नंतरचं रेकॉर्डिंग त्याच पद्धतीने ऐकलं, तर १२ पैकी १२. ताईलासुद्धा ११.

टाका_कोरडा

असं मोजून ऐकणारा माणूस भेटला की बरं वाटतं. टीडीए-१५४१ए वर मुकुटाचं चिन्ह असलेल्या निवडक चिपाही तुम्हाला कुणीतरी सुचवेल. त्या खऱ्या असतील तर चांगल्याच आहेत, पण आज विकायला दिसतात त्यांतल्या कितीतरींवर मुकुट नंतर छापलेला असतो. तुमच्या पहिल्या चिपला काही झालेलं नसताना ती उपटू नका. घड्याळालाही सध्या हात लावू नका. एक मात्र करा, एसएए-७२२० बरीच तापते, तिच्यावर एक लहान हीटसिंक चिकटवा.

निकोप_कान

१२ पैकी १२ वाचून मी माझ्या मरांट्झचं झाकण उघडलं. मोठा कपॅसिटर वरून फुगलाय. मी पाच वर्षं जे ऐकतोय त्यात फिल्टर काढल्याचं किती आणि याचं किती, हे आता मलाच तपासायचंय. चिप जपून ठेवली होती. आधी सप्लाय नीट करतो, मग दोन्ही प्रकारे रेकॉर्ड करून इथे टाकतो.

रत्नागिरीची_हवा

काका, ३३ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर माझ्या भाच्याने बदलला. ७१ मिनिटांची सीडी शेवटपर्यंत वाजली, दोनदा. स्क्रू कुणाला लावू दिला नाही. आता ट्रे मात्र अर्धाच बाहेर येतो आणि हाताने ओढावा लागतो. ट्रे ओढणारा रबरी पट्टा सैल झालाय बहुतेक. कुठल्या मापाचा मागवू?

जवारी

ताई, माझाही पट्टा तसाच गेला होता, काका सांगतीलच.

आणि एक. काल मामा आले होते. त्यांना काय काय बदललं ते सांगितलं नाही, नुसती सीडी लावली. गाणं सुरू व्हायच्या आधी मिनिटभर तानपुरेच आहेत. मामांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "पंचमाची तार जरा उतरलीय बघ." खरंच उतरलेली आहे, मूळ रेकॉर्डिंगमध्येच. दिवाळीपासून मी ती सीडी वीस वेळा तरी ऐकली असेल, मला ते कळलं नव्हतं.

टाका_कोरडा

ताई, जुना पट्टा ताणला गेलेला असतो, त्याचं माप घेऊ नका. दोन्ही पुलींवरून दोरा फिरवून गाठ मारा, दोरा सरळ करून लांबी मोजा आणि त्यातून पाच टक्के वजा करा. तेवढ्या घेराचा चौकोनी छेदाचा पट्टा मागा, टेपरेकॉर्डरचे सुटे भाग ठेवणाऱ्या दुकानात मिळतो. बसवण्याआधी पुलीच्या खाचेत जुन्या रबराचा चिकट थर असेल तो अल्कोहोलने पूर्ण काढा, नाहीतर नवा पट्टाही घसरेल.